ब्रिटिश मतचाचणी वाचायची कशी: आकडा ऐकला की आधी तक्ता उघडा

ऐरोली आणि महापेच्या कंपन्यांत ब्रिटनच्या घड्याळावर काम करणारे कितीतरी जण आहेत. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत कुणाचा मुलगा लेस्टरला शिकतो, कुणाची सून मँचेस्टरच्या रुग्णालयात नर्स आहे. त्यामुळे ‘ब्रिटिश लोकांना आता बाहेरची माणसं नकोत’ किंवा ‘निम्मा ब्रिटन ब्रेक्झिटवर पस्तावलाय’ असे आकडे ठाणे-नवी मुंबईतल्या घराघरांत पोचतात आणि त्यावर लाखो रुपयांचे निर्णय होतात. हे आकडे ज्या मतचाचण्यांतून येतात त्या कशा वाचायच्या, ते इथे क्रमाने दिलं आहे. गणित आठवीच्या पलीकडचं नाही. वर्गमूळ काढणारा मोबाइल आणि एका चाचणीमागे वीसेक मिनिटं एवढं पुरतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा. ठरावीक माणसांना, ठरावीक दिवसांत, ठरावीक शब्दांत प्रश्न विचारला गेला आणि आलेल्या उत्तरांवर नंतर हिशेब करून काही दुरुस्त्या झाल्या. बातमीतली टक्केवारी त्यातून निघते. माणसं, दिवस, शब्द आणि दुरुस्त्या, यांतलं काहीही बदललं की आकडा बदलतो. म्हणून या चारही गोष्टी तपासायच्या.

आधी प्रकार ओळखा

ब्रिटनमध्ये सर्रास ‘पोल’ म्हणून जे छापलं जातं त्यात वेगवेगळ्या जातीच्या चाचण्या असतात.

पहिली, ‘उद्या निवडणूक झाली तर मत कुणाला?’ ही पक्षनिहाय चाचणी. यूगव्ह, ओपिनियम, सव्हांटा, मोअर इन कॉमन अशा कंपन्या ती करतात. साधारण दीड ते दोन हजार लोक, बहुतेक वेळा ऑनलाइन पॅनेलवरचे (म्हणजे चाचण्यांसाठी आधीच नाव नोंदवून ठेवलेले), आणि काम दोन-तीन दिवसांत संपतं. हा आकडा चंचल असतो.

दुसरी, एखाद्या मुद्द्यावरची एकवेळची चाचणी. ती बहुधा एखादं वृत्तपत्र, संस्था किंवा दबावगट पैसे देऊन करून घेतो. सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी लागते, कारण प्रश्न कोणते आणि कोणत्या क्रमाने, यात पैसे देणाऱ्याचा हात असू शकतो.

तिसरी, वर्षानुवर्षं चालणारी मालिका. नॅशनल सेंटर फॉर सोशल रिसर्च ही संस्था १९८३ पासून ‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’ हे सर्वेक्षण करते. ‘ब्रिटिश इलेक्शन स्टडी’ १९६४ च्या निवडणुकीपासूनचा आहे. इप्सॉस या मतचाचणी कंपनीचा ‘इश्यूज इंडेक्स’ १९७४ पासून लोकांना विचारतो की देशापुढचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता, आणि उत्तरांचे पर्याय वाचून दाखवत नाही. ब्रिटिश समाज खरोखर कुठे सरकला ते समजून घ्यायचं असेल तर तुमचा बहुतेक वेळ या तिसऱ्या प्रकाराला द्या.

चौथा एक्झिट पोल. त्याचं तंत्रच वेगळं, तो शेवटी घेऊ.

संकेतस्थळावर बटण दाबून घेतलेला ‘वाचकांचा कौल’ यांपैकी कशातच बसत नाही. त्यात दोन लाख मतं पडली असली तरी बाजूला ठेवा. ज्याला राग आला त्याने बटण दाबलं, एवढंच त्यातून कळतं.

तक्ता मिळवा आणि या क्रमाने वाचा

ब्रिटिश पोलिंग कौन्सिल ही कंपन्यांची संघटना २००४ साली स्थापन झाली. तिच्या नियमानुसार सदस्य कंपनीची चाचणी प्रसिद्ध झाली की दोन कामकाजी दिवसांत प्रश्न आणि उत्तरांच्या आकड्यांचे संपूर्ण तक्ते कंपनीच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. तक्ते पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये असतात आणि फुकट मिळतात. कंपनीचं नाव सदस्यांच्या यादीत नसेल आणि तक्तेही सापडत नसतील, तर तो आकडा पुढे पाठवू नका.

तक्ता उघडल्यावर डोळा आधी मोठ्या टक्केवारीकडे जातो. ती झाका, आणि हे बघा:

१. प्रश्न विचारल्याच्या तारखा. बातमी आजची, पण माणसांना विचारलं गेल्या आठवड्यात, असं नेहमी होतं. मधे अर्थसंकल्प, राजीनामा किंवा दंगल झाली असेल तर आकडा शिळा.

२. नमुना कुणाचा. ‘ग्रेट ब्रिटनमधले प्रौढ’ असं लिहिलेलं असेल तर त्यात उत्तर आयर्लंड नाही. तिथले पक्षच निराळे आहेत, म्हणून बहुतेक पक्षनिहाय चाचण्या तो भाग वगळतात. यातून एक चूक फार जण करतात. २०२४ मध्ये मजूर पक्षाला संपूर्ण युनायटेड किंगडममध्ये ३३.७ टक्के मतं मिळाली, पण उत्तर आयर्लंड वगळून ३४.७. चाचणी चुकली की बरोबर आली हे ठरवताना दुसरा आकडा घ्यायचा.

३. भार देण्याआधीची आणि दिल्यानंतरची संख्या. नमुन्यात एखादा गट कमी किंवा जास्त आला तर त्याच्या उत्तरांना जास्त किंवा कमी वजन देतात, तो भार. तक्त्याच्या वरच्या दोन ओळींत ती असते.

४. प्रश्नाचे संपूर्ण शब्द, आणि त्याच्या आधी कोणते प्रश्न विचारले ते.

५. ‘माहीत नाही’ आणि ‘मत देणार नाही’ म्हणणारे किती, आणि त्यांचं पुढे काय केलं.

पाचव्या मुद्द्यावर एक हिशेब करून बघा. हजारांपैकी ३०० जण पहिल्या पक्षाला, २७० दुसऱ्याला, २३० बाकीच्यांना, आणि २०० जणांचं ठरलेलं नाही. सगळे धरले तर पहिल्या पक्षाला ३० टक्के. ते दोनशे काढून टाकले तर तोच पक्ष ३७.५ टक्क्यांवर जातो. एकही माणूस हललेला नाही. पक्षनिहाय चाचण्या सहसा हे लोक वगळून आकडा देतात, मुद्द्यांवरच्या चाचण्या सहसा धरून देतात. म्हणून या दोन प्रकारचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही. शिवाय काही कंपन्या ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांना त्यांच्या मागच्या मतावरून वाटून टाकतात, काही नाही. एकाच आठवड्यात दोन कंपन्यांचे आकडे चार टक्क्यांनी वेगळे दिसतात त्याचं एक कारण हे आहे. यूगव्हचा आकडा यूगव्हच्या मागच्या आकड्याशीच जुळवा, दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी नको.

तक्त्यात एबीसी१ आणि सी२डीई असे रकाने दिसतील. हे घरातल्या मुख्य कमावत्याच्या व्यवसायावरून पाडलेले गट आहेत. बातम्यांत सी२डीईला सरळ ‘कामगार वर्ग’ म्हणतात. पण फक्त सरकारी पेन्शनवर जगणारे वृद्ध ‘ई’ गटात जातात, त्यामुळे तो रकाना वयाने बराच मोठा असतो. कामगारांचं मत म्हणून जे छापलं जातं त्यात म्हाताऱ्या माणसांचं मत मिसळलेलं असतं, हे लक्षात ठेवून वाचा.

अठ्ठ्याण्णवचा नियम

९८ ला नमुन्याच्या वर्गमूळाने भागा. आलेली संख्या म्हणजे त्रुटीची मर्यादा, अधिक-उणे टक्क्यांत. दोन हजार माणसांना २.२, हजारांना ३.१, पाचशेंना ४.४, शंभरांना ९.८. माणसं चौपट केली की त्रुटी निम्मी होते, म्हणून दोन हजारांच्या पुढे खर्च वाढतो तेवढी अचूकता वाढत नाही.

आता हाच नियम तक्त्याच्या उपरकान्यांना लावा. बहुतेक चुकीच्या बातम्या तिथे जन्माला येतात. दोन हजारांच्या चाचणीत स्कॉटलंडचे साधारण १७० लोक येतात, म्हणजे मर्यादा ७.५. ‘स्कॉटलंडमध्ये पाच टक्क्यांची उसळी’ या वाक्याला त्या रकान्यात आधारच नसतो. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण: २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला भारतीय वंशाचे म्हणवणारे ३.१ टक्के होते. दोन हजारांत असे साठेक जण. मर्यादा १२.७ टक्के. म्हणजे रकान्यात ४५ दिसलं तर खरं मत ३२ पासून ५८ पर्यंत कुठेही असू शकतं. ‘ब्रिटिश भारतीय अमुक पक्षाकडे वळले’ असं सर्वसाधारण चाचणीच्या भरवशावर कुणी लिहिलं तर ते सोडून द्या. त्यासाठी फक्त त्याच समाजाचं, हजारभर लोकांचं वेगळं सर्वेक्षण लागतं. २०२४ मध्ये देशभर आपटी खाणाऱ्या हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून एकच मतदारसंघ हिसकावला, तो लेस्टर पूर्व. देशव्यापी चाचणीच्या रकान्यांत असली गोष्ट दिसतच नाही.

दोन पक्षांमधल्या आघाडीची मर्यादा एका पक्षाच्या मर्यादेपेक्षा मोठी असते, साधारण दीडपट ते दुप्पट. कारण एकाचं चुकून वाढलं की बहुधा दुसऱ्याचं चुकून घटतं. दोन हजारांच्या चाचणीत ३० विरुद्ध २७ असेल तर आघाडी ३, आणि तिची मर्यादा ३.३. कोण पुढे आहे हे त्या एका चाचणीवरून सांगता येत नाही.

हा सगळा हिशेब नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडला आहे असं धरून चालतो. ऑनलाइन पॅनेल तसं नसतं. म्हणून पोलिंग कौन्सिलने २०१८ पासून सदस्यांना अनुभवावर आधारलेलं विधान द्यायला लावलं: पक्षाचा खरा पाठिंबा चाचणीतल्या आकड्याच्या ४ टक्के इकडेतिकडे असण्याची शक्यता दहापैकी नऊ, आणि २ टक्के इकडेतिकडे असण्याची तीनपैकी दोन. कागदावरच्या २.२ पेक्षा हा ४ चा आकडा प्रामाणिक आहे. व्यवहारात तोच वापरा.

भार कसा देतात, आणि तो कुठे अपुरा पडतो

ठाण्यात करून बघण्यासारखं उदाहरण घेऊ. समजा ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली सकाळी आठ ते दहा या वेळेत ५०० जणांना विचारलं की रस्त्यावरच्या पार्किंगला महापालिकेने पैसे घ्यावेत का. घाईच्या गर्दीत ३५० पुरुष मिळाले, १५० स्त्रिया. पुरुषांपैकी ४० टक्के ‘हो’ म्हणाले, स्त्रियांपैकी ६० टक्के. साधी बेरीज केली तर ‘हो’ ४६ टक्के. शहरात दोघं निम्मे-निम्मे आहेत असं धरलं तर प्रत्येक पुरुषाच्या उत्तराला २५० भागिले ३५०, म्हणजे ०.७१ भार, आणि प्रत्येक स्त्रीच्या उत्तराला २५० भागिले १५०, म्हणजे १.६७. आता ‘हो’ ५० टक्के.

याची किंमत मोजावी लागते. सगळ्या भारांची बेरीज करा, तिचा वर्ग घ्या, आणि त्याला भारांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. इथे उत्तर येतं सुमारे ४२०. म्हणजे ५०० माणसं विचारली तरी अचूकता ४२० माणसांचीच, आणि मर्यादा ४.४ वरून ४.८ वर गेली. तक्त्यात एखाद्या गटाची भाराआधीची संख्या ४० आणि नंतरची १२० दिसली, तर त्या गटातल्या एकेका माणसाने तिघांच्या वतीने उत्तर दिलं आहे. तिथे थांबून विचार करा.

आणि मुख्य अडचण तर अजून बाकीच आहे. तुम्ही स्त्रियांचा भार वाढवलात, पण त्या सगळ्या सकाळी लोकल पकडणाऱ्या. लोकमान्य नगरात दुपारी घरी असणारी बाई, नौपाड्यातले निवृत्त आजोबा, वागळेतल्या रात्रपाळीहून येऊन झोपलेला माणूस हे तुमच्या कागदावर नाहीतच. जो आला नाही त्याला भार देता येत नाही. ब्रिटनच्या चाचण्या याच खड्ड्यात पडल्या.

२०१५: घरी सापडणारे आणि न सापडणारे

७ मे २०१५ च्या निवडणुकीआधी चाचण्या हुजूर आणि मजूर पक्ष बरोबरीत दाखवत होत्या, दोघंही ३४ टक्क्यांच्या आसपास. निकाल आला तेव्हा ग्रेट ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे होता आणि डेव्हिड कॅमरन यांना बहुमत मिळालं. पोलिंग कौन्सिल आणि मार्केट रिसर्च सोसायटीने प्राध्यापक पॅट्रिक स्टर्गिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. मार्च २०१६ च्या अहवालाने शेवटच्या क्षणी लोक फिरले, लोक खोटं बोलले, ही कारणं मुख्य मानली नाहीत. मूळ दोष नमुन्यातच होता. पॅनेलवर राजकारणात रस घेणारे तरुण जास्त होते, आणि ७५ च्या पुढचे वृद्ध कमी. वय-लिंग-प्रदेशाचा भार देऊन हे सुटलं नाही, कारण पॅनेलवरचा वीस वर्षांचा मुलगा आणि पॅनेलबाहेरचा वीस वर्षांचा मुलगा एकसारखे नव्हते.

याचा सगळ्यात चांगला पुरावा ‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’ने दिला. त्यांनी पत्ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले होते आणि माणूस सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा त्याच दारावर जात होते. निवडणुकीनंतरच्या त्या सर्वेक्षणात हुजूर पक्षाची आघाडी प्रत्यक्षाच्या अगदी जवळ आली. मतचाचण्यांचे अभ्यासक जॉन कर्टिस यांनी ती उत्तरं फेऱ्यांनुसार वेगळी केली. पहिल्याच फेरीत घरी सापडलेल्यांत मजूर पक्ष सहा टक्क्यांनी पुढे होता. ज्यांच्यासाठी तीन ते सहा फेऱ्या माराव्या लागल्या त्यांच्यात हुजूर पक्ष अकरा टक्क्यांनी पुढे. पहिल्या बेलला दार उघडणारा आणि चौथ्या खेपेला सापडणारा हे वेगळ्या मताचे लोक होते.

ठाण्यात सोसायटीचं, वॉर्डाचं किंवा महाविद्यालयाच्या प्रकल्पाचं सर्वेक्षण करणाऱ्यांनी यातून थेट उचलायची पद्धत: दार बंद मिळालं तर शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवायची नाही. तो फ्लॅट नोंदवा, संध्याकाळी साडेआठनंतर एकदा आणि रविवारी सकाळी एकदा पुन्हा जा, निदान चार खेपा करा. प्रत्येक उत्तरापुढे ‘कितवी खेप’ हा रकाना ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या खेपेची उत्तरं वेगळी निघाली, तर न सापडलेल्यांचं मत कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज तुम्हाला तिथेच मिळतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. १९९२ मध्ये चाचण्या बरोबरी किंवा मजूर पक्षाची निसटती आघाडी दाखवत होत्या, प्रत्यक्षात जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष साडेसात टक्क्यांनी पुढे आला. २०१७ मध्ये २०१५ ची चूक सुधारण्याच्या नादात काही कंपन्यांनी ‘तरुण मत द्यायला जातच नाहीत’ असं धरून त्यांचं मत फार खाली ओढलं, आणि मजूर पक्षाला कमी लेखलं. २०२४ मध्ये बहुतेक शेवटच्या चाचण्यांत मजूर पक्षाची आघाडी १५ ते २० च्या आसपास होती, निकालात ती १० भरली. तिथे विजेता बरोबर आला म्हणून फार बोभाटा झाला नाही, पण चूक २०१५ पेक्षा लहान नव्हती. विजेता बरोबर येणं आणि चाचणी बरोबर येणं वेगवेगळं तपासा.

प्रश्नाचे शब्द

स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतासाठी स्कॉटिश सरकारने सुचवलेला प्रश्न होता, ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का?’ निवडणूक आयोगाने तो लोकांवर तपासून पाहिला आणि ‘सहमत आहात का’ हे शब्द काढायला लावले, कारण ते माणसाला होकाराकडे ढकलतात. मतपत्रिकेवर आलं, ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ युरोपीय संघाच्या सार्वमताच्या वेळीही मूळ प्रश्न फक्त सदस्य राहण्याबद्दल होता. आयोगाच्या शिफारशीनंतर त्यात ‘राहावं की सोडावं’ अशा दोन्ही बाजू आल्या.

हा फरक आपल्याकडे वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींवरून लगेच कळेल. ‘इमारतीचा पुनर्विकास व्हावा याच्याशी आपण सहमत आहात का?’ असं विचारा आणि ‘पुनर्विकास करावा की आहे ती इमारत दुरुस्त करावी?’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला माणूस दोन चित्रं डोळ्यापुढे आणून मग बोलतो. ब्रिटिश तक्त्यात ‘सहमत-असहमत’ छापाचा प्रश्न दिसला तर सहमतीचा आकडा फुगलेला धरा. त्याच्या आधी ‘घरांची टंचाई’, ‘रुग्णालयातल्या रांगा’ असे दोन प्रश्न येऊन गेले असतील तर आणखी फुगलेला.

दृष्टिकोन वाचताना मालिका बघा

आता मूळ मुद्द्याकडे: ब्रिटिश माणसाच्या मनाबद्दल या चाचण्या खात्रीने काय सांगतात? लांब मालिकांतून बरंच कळतं, अट एवढीच की त्याच प्रश्नाची, त्याच शब्दांतली उत्तरं वर्षानुवर्षं लावून बघायची.

‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’चे आकडे घ्या. समलिंगी संबंधांत काहीच गैर नाही असं म्हणणारे १९८३ मध्ये १७ टक्के होते, २०२२ मध्ये ६७. फाशीच्या बाजूने १९८६ मध्ये चारांपैकी तिघं होते, आणि २०१४ मध्ये पहिल्यांदा तो आकडा निम्म्याच्या खाली, ४८ वर आला. हे बदल एकाच दिशेने गेले. नव्या पिढ्या जुन्यांची जागा घेतात, हे त्याचं एक कारण.

कर आणि खर्चाचं तसं नाही. ‘कर वाढवून आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक मदतीवर जास्त खर्च करा’ म्हणणारे २००२ मध्ये ६३ टक्के, २०१० च्या सुमारास त्याच्या निम्मे, २०१७ मध्ये पुन्हा ६०. सरकारने हात सैल सोडला की लोक ‘पुरे’ म्हणतात, आवळला की ‘अजून द्या’. अशा मालिकेतला एकच बिंदू उचलून ‘ब्रिटिश समाज डावीकडे वळला’ असं लिहिणं चूक.

राष्ट्रीय आरोग्य सेवेवर समाधानी असलेले २०१० मध्ये ७० टक्के होते, २०२४ मध्ये २१. १९८३ पासूनचा हा नीचांक. यावरून लोकांना ही सेवा मोडीत काढायची आहे असा अर्थ काढू नका. उपचार घेताना पैसे पडू नयेत या तत्त्वाला त्याच सर्वेक्षणात दहांपैकी सुमारे नऊ जणांचा पाठिंबा आहे. आपण लोकलच्या गर्दीला रोज शिव्या घालतो, पण लोकल बंद करा असं कुणी म्हणत नाही, तसं. सेवा आणि तत्त्व हे दोन प्रश्न वेगळे वाचा.

राजकारण्यांबद्दलचा अविश्वास मात्र खरा आणि खोल आहे. सरकारं पक्षापेक्षा देशाचं हित पुढे ठेवतील असा विश्वास ‘जवळजवळ कधीच’ वाटत नाही, असं २०२३ मध्ये ४५ टक्के म्हणाले. इप्सॉसच्या २०२४ च्या मोजणीत राजकारणी खरं बोलतात असं ११ टक्क्यांना वाटलं, नर्स खरं बोलतात असं ९४ टक्क्यांना. सून तिकडे नर्स असलेल्या घरांनी हा आकडा जरूर जपून ठेवावा.

मालिकेत एक धोक्याची खूण लावा. ‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’ २०२० च्या साथीपर्यंत घरी जाऊन मुलाखती घेत होतं, नंतर मुख्यतः ऑनलाइन झालं. आलेखावर २०२० ला उभी रेघ मारा. त्या रेघेवर पडलेली उडी समाजाची की पद्धतीची, हे दुसऱ्या एखाद्या मालिकेशी ताडल्याशिवाय सांगू नका.

स्थलांतराबद्दलचे आकडे आपल्याकडे सगळ्यात जास्त फिरतात, म्हणून इथे सावकाश. ‘देशात येणाऱ्यांची संख्या कमी व्हावी का?’ असं एकगठ्ठा विचारलं की बहुतेक काळ ‘हो’ म्हणणारे जास्त असतात. पण तोच प्रश्न डॉक्टर, नर्स, वृद्धांची काळजी घेणारे, असा एकेक गट घेऊन विचारला की ‘आहे तेवढी राहू द्या’ किंवा ‘वाढवा’ म्हणणारे पुढे जातात. ऑक्सफर्डच्या मायग्रेशन ऑब्झर्व्हेटरीने २०११ मध्ये विचारलं की स्थलांतरित म्हटल्यावर कोण डोळ्यापुढे येतं. सगळ्यात जास्त लोकांना आश्रय मागणारे आठवले, विद्यार्थी सगळ्यात कमी जणांना. तेव्हा येणाऱ्यांत विद्यार्थ्यांचा गट सगळ्यात मोठा होता. २०१३ मध्ये इप्सॉसने रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीसाठी केलेल्या पाहणीत लोकांनी देशातल्या स्थलांतरितांचं प्रमाण सरासरी ३१ टक्के सांगितलं, अधिकृत आकडा होता १३. मुलाला तिकडे पाठवायचं की नाही हे ठरवताना तीन गोष्टी वेगळ्या काढा: प्रश्न सरसकट होता की विशिष्ट गटाचा, लोकांना तो मुद्दा देशासाठी महत्त्वाचा वाटतो की स्वतःच्या घरासाठी, आणि व्हिसाचे नियम. शेवटची गोष्ट मतचाचणीत सापडत नाही, ती सरकारच्या संकेतस्थळावर बघायची.

ब्रेक्झिटचंही असंच. यूगव्ह २०१६ पासून विचारत आलं आहे की मागे वळून पाहता तो निर्णय बरोबर होता की चूक. जानेवारी २०२५ मध्ये ‘चूक’ ५५ टक्के, ‘बरोबर’ ३०. पण ‘चूक’ म्हणणारा प्रत्येक जण उद्याच युरो चलन घेऊन परत जायला तयार आहे असं नाही. तो प्रश्न वेगळा, त्याचे आकडेही वेगळे.

टक्केवारीवरून जागा काढू नका

ब्रिटनमध्ये ६५० मतदारसंघ आहेत आणि आपल्यासारखंच सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूकेला १४.३ टक्क्यांवर ५, आणि त्याहून कमी, १२.२ टक्के मिळवणाऱ्या लिबरल डेमोक्रॅटांना ७२, कारण त्यांची मतं ठरावीक भागांत एकवटली होती. यासाठी एमआरपी नावाची पद्धत निघाली: हजारो लोकांच्या उत्तरांवरून वय, शिक्षण, मागचं मत यांचं नातं शोधायचं आणि ते प्रत्येक मतदारसंघाच्या लोकसंख्येवर बसवायचं. यूगव्हने २०१७ मध्ये याच पद्धतीने त्रिशंकू संसदेचा अंदाज बरोबर दिला. पण २०२४ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या याच पद्धतीतून मजूर पक्षाला ४३० पासून ५१६ पर्यंत जागा आल्या. एमआरपीचा नकाशा बघताना आपल्या नातेवाइकाचा एकच मतदारसंघ शोधून त्यावर विसंबू नका. मॉडेल तिथल्या ‘तशा’ लोकांचा अंदाज बांधतं, स्थानिक उमेदवार त्याला फारसा दिसत नाही.

निकालाच्या रात्री

पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२९ च्या मध्यापर्यंत व्हायला हवी. मतदान परंपरेने गुरुवारी असतं आणि रात्री दहाला संपतं. त्याआधी एक्झिट पोल जाहीर करणं तिकडे गुन्हा आहे, आपल्याकडे जसं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ए आहे तसं. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत निवडणूक असेल तर तो आकडा ठाण्यात शुक्रवारी पहाटे अडीच वाजता येतो, हिवाळ्यात साडेतीनला.

बीबीसी, आयटीव्ही आणि स्काय मिळून तो करतात. सुमारे १३० मतदान केंद्रांबाहेर वीस हजारांहून जास्त मतदारांना खोटी मतपत्रिका देऊन पेटीत टाकायला सांगतात, म्हणजे अनोळखी माणसापुढे तोंडाने पक्षाचं नाव घ्यावं लागत नाही. शक्यतो मागच्या वेळचीच केंद्रं घेतात आणि तिथे किती बदल झाला ते मोजतात. २०१९ मध्ये हुजूर पक्षाला ३६८ सांगितल्या, आल्या ३६५. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ४१०, आल्या ४११. पण त्याच रात्री रिफॉर्मला १३ सांगितल्या होत्या, आल्या ५, आणि लिबरल डेमोक्रॅटांना ६१ ऐवजी ७२. मोठ्या पक्षाच्या आकड्यावर विसंबा, लहान पक्षांच्या आकड्याला सकाळपर्यंत थांबा.

पहिला निकाल बहुधा सुंदरलँड किंवा न्यूकॅसलच्या बाजूचा येतो. २०२४ मध्ये हॉटन अँड सुंदरलँड साउथचा रात्री सव्वाअकराला लागला, आपल्याकडे पावणेचार. बहुमताचा ३२६ चा आकडा मजूर पक्षाने तिकडच्या पहाटे पाचच्या सुमारास गाठला, तेव्हा ठाण्यात साडेनऊ वाजत आले होते.